चष्म्याची गादी

बाई, गोविंदा मुकादमाचे डोळे नऊ दिवस बंद होते. पापण्या सुजून अशा मिटल्या की भाकरीचा तुकडासुद्धा त्याच्या हातात द्यावा लागे. बाकीचं सगळं मागाहून सांगते. हे आधी सांगितलं, कारण तू गेल्यापासून तुला सांगावं असं माझ्याकडे एवढंच जमलं आहे.

तुला जाऊन दोन महिने होत आले. घरात आपण दोघीच होतो. तू विधवा होऊन परत आलेली, मी नांदायला जाऊन दीड वर्षात टाकून दिलेली. लोक म्हणायचे, दोघी बहिणी एका चुलीवर, रोज भांडत असतील. भांडत होतोच. मीठ जास्त झालं, दाराला कडी कोणी घातली नाही, बकरी कोणाच्या हलगर्जीनं सुटली. पण तुझ्याशी भांडताना मला कधी भीती वाटली नाही. आता गावात कोणाशीही दोन शब्द बोलायचे तरी तोलून बोलते.

मला लिहिता येतं ते तुझ्यामुळे. आई गेली तेव्हा तू बाराची होतीस, मी सातची. बाबा म्हणाले, "दोघीयले कामावर नेतो." तू म्हणालीस, "मले न्या. कौसीले शाळेत राहू द्या." मी चौथी पास होईपर्यंत माझ्या वाटणीचे दगड तू फोडलेस. म्हणून ही पानं तुझी आहेत. दुसऱ्या कोणाला मी ती वाचून दाखवणार नाही. का, ते पुढे कळेलच.

राजुऱ्याच्या अंगाला चुनखडीची ती खदान. माणसं सुरुंग लावून मोठे डब्बर पाडायची, आणि तुम्ही बाया ओळीनं बसून हातोडीनं त्यांची गिट्टी करायच्यात. दगड फुटला की कपच्या उडायच्या. खदानीत दहा वर्षं काढलेल्या बाईचा एक डोळा तरी पांढरा पडलेला असायचाच. आपण ते असंच असतं म्हणून सोडून दिलं होतं. मी तरी सोडून दिलं होतं. तू सोडलं नव्हतंस.

मालकानं चष्मे आणले होते, हे खोटं नाही. लढाई संपल्यावर फौजेचं जुनं सामान बाजारात विकायला निघालं, त्यातले मोटारसायकलवाल्या शिपायांचे चष्मे. जाड काच, पत्र्याची चौकट, मागे डोक्याला बसणारा पट्टा, आणि चेहऱ्याला पत्रा लागू नये म्हणून चौकटीच्या आतून स्पंजाची पट्टी. त्या पट्टीला तुम्ही बाया गादी म्हणायच्यात. हे सगळे चष्मे एका लाकडी पेटीत कुलपात असत आणि किल्ली मुकादमाच्या कमरेला. वर्षातून एकदोनदा नागपूरहून खदानी तपासणारा सरकारी साहेब यायचा, तेव्हा तेवढ्यापुरते ते तुमच्या डोळ्यांवर चढायचे. साहेबाची जीप वळली की परत पेटीत. असे पेटीतच पाच-सात उन्हाळे काढून त्या गाद्यांचा भुगा झाला. घातला की पत्रा गालात रुतायचा, नाकापाशी फट राहायची, तिच्यातून चुन्याची भुकटी थेट डोळ्यात. बाया म्हणायच्या, त्यापेक्षा उघडे डोळे बरे.

त्यातले चार मुकादमानं शेडमागच्या उकिरड्यावर फेकले. ते तू पदराच्या ओट्यात घालून घरी आणलेस.

"हा कचरा काऊन आणून राह्यली वं?" मी म्हटलं.

"काच चांगली हाय, कौसी. गादीच मेली हाय फक्त."

जेवणं बाजूला ठेवून तू खाटेवर बसलीस. जुना स्पंज काही ठिकाणी पिठासारखा झडत होता आणि काही ठिकाणी जुन्या गुळासारखा पत्र्याला चिकटून बसला होता. मी सुरी दिली, ती तू परत केलीस. सुरीनं काचेवर ओरखडा पडला तर सगळी मेहनत वाया. बांबूची काडी चपटी तासून तिनं तू तो सगळा खरवडून काढलास, मग फडक्याला घासलेट लावून चौकट पुसलीस, रिठ्याच्या पाण्यानं धुतलीस. घासलेटाचा वास डोळ्यांपाशी नको म्हणून दोनदा धुतलीस. मी कंटाळून गेले होते. तू कंटाळली नाहीस.

पहिली गादी आपण गोधडीतल्या कापसाची केली. दुपारपर्यंत ती घामानं चिंब झाली, तिच्यावर चुना बसला आणि तुझ्या गालाची कातडी सोलली. दुसरी कांबळ्याच्या तुकड्याची. ती इतकी टोचायची की हातातली हातोडी ठेवून खाजवावं लागे. मग मैनानं सांगितलं. मैना गोंडांच्या पाड्यावरची, तुझ्या शेजारी बसून दगड फोडणारी. ती फार बोलायची नाही. बोलली की कामाचंच. म्हणाली, "कापूस पाणी पेतो. सावरीची रुई पेत नाई." दुसऱ्या रविवारी तुम्ही दोघी जंगलात जाऊन काटेसावरीची फुटलेली बोंडं टोपलीभर घेऊन आलात.

मग खरं काम सुरू झालं, आणि ते आपण दोघींनी केलं, हे मी कोणालाही सांगेन. जुन्या लुगड्याच्या मऊ काठाची करंगळीएवढी जाड नळी मी शिवायची, तू तिच्यात काडीनं रुई भरायचीस. गालापाशी पातळ, नाकाच्या दोन्ही बाजूंना दाट, कारण फट तिथेच असते. डिंकानं चिकटवून पाहिलं तर घामानं डिंक विरघळायचा. म्हणून तू खिळ्यानं पत्र्याच्या कडेला बारीक भोकं पाडलीस आणि नळी टाके घालून बसवलीस. घरात लाल दोराच उरला होता, म्हणून लाल टाके.

फट राहिली की नाही ते पाहायची तुझी तऱ्हा मला आठवते. चष्मा घालून तू अंगणात बसायचीस आणि मला ज्वारीच्या पिठाची मूठ घेऊन तोंडावर फुंकर मारायला सांगायचीस. पीठ आत गेलं की टाके उसवायचे. पहिल्या दिवशी तू पांढऱ्या घुबडासारखी दिसत होतीस आणि मी हसून हसून जमिनीवर बसले. "हसू नोको, फुक," तू म्हणालीस, आणि मग तूही हसलीस. तुझा नवरा जिवंत होता तेव्हासुद्धा तुला मी एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते चारही चष्मे तू दुसऱ्या बायांना दिलेस; संध्याकाळी त्या चौघी खदानीतून परत आल्या त्या सगळ्या अंगानं चुन्यानं पांढऱ्या, फक्त डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल. बाजारात माणसं बोटं दाखवत होती. मागून येणारी तू त्या माणसांकडे पाहून डोळे मिचकावलेस.

मग बाकीच्या बाया उकिरडा धुंडाळू लागल्या, काहींनी मुकादमाला मागून तुटके चष्मे घेतले. तो हसायचा, "या, या, मडम लोक," म्हणायचा, पण देत होता. तू चौदा चष्मे केलेस, बाई. प्रत्येकीचं नाक दोऱ्यानं मोजून. आणि त्यात स्वतःचा शेवटी. मी किती ओरडले तुझ्यावर! "पयले आपला तर ठेव!" मी म्हणायची. तू म्हणायचीस, "माह्यावाला उद्या होते." तुझा उद्या तीन आठवड्यांनी उगवला.

साहेब आला त्या दिवशी तुझ्या डोळ्यांवर तुझा स्वतःचा चष्मा होता. साहेब ओळीपाशी थांबला, तुझा चष्मा काढून हातात घेतला, गादी दाबून पाहिली, लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. विचारलं, "कोणी केलं हे?" तू उभी राहून म्हणालीस, "मी." मग साहेब मुकादमाकडे वळला आणि सगळ्या बायांसमोर म्हणाला, "या बाईला जे जमलं ते तुम्हाला का नाही जमलं? पेटीतले बाकीचे असे का?" मैनानं मला सांगितलं, मुकादम तेव्हा हसतच होता.

साहेबाची जीप धुरळ्यात गेली आणि मुकादम हात पुढे करून तुझ्यासमोर उभा राहिला.

"दे तो चष्मा. मालकाचा माल हाय."

"तुमीच फेकला होता, भाऊ. उकिरड्यावर."

"फेकला तरी मालकाचाच."

तुझा घेतला, मैनाचा घेतला, चौदाही घेतले. पेटीत टाकले आणि कुलूप लावलं.

त्या संध्याकाळी मी पदर खोचून उठले होते. त्याच्या दारात जाऊन बोंब मारणार होते. तू माझं मनगट धरलंस. "बस खाली. मी मागतो त्याले परत. तो बी माणूसच हाय."

मी म्हटलं, "असल्या माणसाले चटका बसल्याबिगर समजत नाई."

तू पीठ मळायला घेतलंस. ते भांडण तिथंच राहिलं. मी ते संपवलं, बाई, तुझ्या मागे, माझ्या बाजूनं.

दोन दिवस तू त्याला मागितलास. पहिल्या दिवशी तो म्हणाला, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशी म्हणाला, किल्ली घरी राहिली. किल्ली त्याच्या कमरेला लोंबत होती, मैनाला दिसत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी कपची उडाली आणि तुझ्या उजव्या डोळ्यात शिरली.

मी तिथं नव्हते. घरी कोणाची तरी चोळी शिवत बसले होते. मैना म्हणते, तू ओरडली नाहीस. हातोडी बाजूला ठेवलीस आणि डोळ्यावर तळवा दाबून बसलीस, बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. राजुऱ्याला रिकामा जाणारा ट्रक तिथं उभा होता. मैना मुकादमाकडे गेली. त्याची बायको सरूबाई त्याची भाकरी घेऊन आली होती, तीही तिथं होती. मुकादम म्हणाला, "टरक गिट्टीचा हाय, बायांचा नाई." तुला मडक्यातल्या पाण्यानं डोळा धुवायला लावलं आणि सावलीत बसवलं. सुट्टी होईपर्यंत तू तशीच बसून राहिलीस. हे तू मला सांगितलं नाहीस. "जरा उशीर झाला," एवढंच म्हणालीस.

सकाळी बैलगाडीनं राजुऱ्याचा दवाखाना. डॉक्टरनं कपची काढली, पट्टी बांधली आणि चांद्याला न्यायला सांगितलं. गाडी, मग वर्धा नदीवर डोंगा, मग बल्लारशाहून रेल्वे. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. चांद्याला त्यांनी डोळा काढला. म्हणाले, लवकर आणली असती तर कदाचित. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

घरी आलो तेव्हा तू मला डाव्या डोळ्यानं निरखून पाहिलंस आणि म्हणालीस, "एका डोळ्यानं बी तू तेवढीच भांडकुदळ दिसतेस." मला वाटलं, वाचलीस. एका डोळ्यानं माणूस जगतं. मी मनात तुला घरी बसवूनही टाकलं होतं: मी शिवीन, तू रुई भरशील.

नवव्या दिवशी तुला भाकरी चावता येईना. दुपारपर्यंत दातखीळ बसली. धनुर्वात, असं डॉक्टर म्हणाले. कपचीच्या जखमेतून आला, फार आत गेला. दोन दिवस तुझं अंग धनुष्यासारखं ताणत होतं आणि डावा डोळा माझ्यावर रोखलेला होता. तू दातांमधून काही म्हणत होतीस. "गा... गा..." मी विचारलं, गाडी? विचारलं, गादी? गाय? आपल्याकडे गाय नाही, तरी विचारलं. तू डोळा मिटायचीस आणि परत म्हणायचीस, "गा." तो शब्द मला सापडला नाही. भर दुपारी, अंगणात ऊन असताना तू गेलीस, आणि तो शब्द घेऊन गेलीस. यासाठी मी तुझ्यावरही रागावले आहे. सगळं मला देत आलीस आणि शेवटचं तेवढं दिलं नाहीस.

तुला जाळून आल्यावर मी रडत होते. पाचव्या दिवशी मैना आली. म्हणाली, खदानीच्या मुनशीनं वहीत लिहून घेतलं आहे: 'तुळसाबाईस चष्मा दिलेला होता, तिने तो घातला नाही.' मुकादमानं सांगितलं आणि मुनशीनं लिहिलं.

मैना गेली आणि माझं रडणं थांबलं. आजपर्यंत परत आलेलं नाही.

तुझा डोळा त्यानं नेला, जीव नेला, ते एक. पण तू, जिनं चौदा जणींचे चष्मे शिवले, ती चष्मा न घालता बसली होती म्हणे! खदानीत न जाणाऱ्या गावातल्या बाया हळहळून म्हणू लागल्या, "घातला असता तर..." पाण्याच्या विहिरीवर मी हे ऐकलं. घागर भरली आणि घरी आले. माझ्या तोंडून शब्द निघाला असता तर त्यानं विहिरीत बुडालेल्याचेही कान पोळले असते.

तीन आठवड्यांनी तो स्वतः माझ्या दारात आला.

खदानीत दगड फोडायचं नवं यंत्र आलं होतं. ते पाहायला साहेब येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी येणार होता. यंत्रात डब्बर टाकायचं आणि ते चालवून दाखवायचं काम मुकादमानं स्वतःकडे घेतलं होतं. यंत्रापाशी धुरळा एवढा की हाताला हात दिसत नाही. त्याच्याकडे एक चांगला चष्मा होता, चामडी पट्ट्याचा, स्वतःसाठी ठेवलेला. त्याचीही गादी झडली होती.

"कौसा, तुले जमते म्हनतात," तो उंबऱ्याबाहेरून म्हणाला. "सावरीची गादी करून दे याले. साहेब येऊन राह्यले."

मी हातातलं शिवण खाली ठेवलं.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "नशीब एकेकाचं."

तुझं नाव त्यानं घेतलं नाही. घेतलं असतं तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. मी चष्मा हातात घेतला. "सोमवारी घेऊन जा. साहेब यायच्या आदल्या सोमवारी," मी म्हटलं. "आठ दिवस वापरून पाहा. बसला नाई तर सांगजो."

बिब्बा आपल्याला नवा नाही. धोबी त्यानं कपड्यावर खूण करतो, टाचेच्या भेगांना लोक तो चटका देऊन लावतात, आणि नको तिथं त्याचं तेल लागलं तर कातडी फुगून फोड येतात. जंगलात बिब्ब्याचं झाड असलं की आई आपल्याला त्याच्या सावलीलाही बसू देत नव्हती.

मी ती गादी फार नीट केली, बाई. तू पाहिली असतीस तर तुला नाव ठेवायला जागा सापडली नसती. स्पंज बांबूच्या काडीनं खरवडला, चौकट दोनदा धुतली, नाकापाशी रुई दाट भरली. पिठाची फुंकर मारून घेतली असती तर कणभर पीठ आत गेलं नसतं. फक्त रुईच्या पोटात बिब्ब्याच्या तेलाची एक चिंधी ठेवली आणि वरून काळं फडकं शिवलं. बोटांना कापड गुंडाळलं होतं.  डोळा गेला तर जाऊ दे, असं मी मनात म्हटलं, आणि हे मी तुझ्यापासून लपवत नाही. लाल दोरा मात्र वापरला नाही. तो तुझा.

सोमवारी तो घेऊन गेला. घालून पाहिला, मान हलवली, म्हणाला, "मस्त बसला."

यंत्राची ऊब, घाम आणि दाबून बसलेली गादी. मंगळवारी त्याला खाज सुटली. बुधवारी सकाळी तोंड सुजून घागरीएवढं झालं, कपाळापासून गालापर्यंत फोड, आणि डोळे गायब. कोणी म्हणालं, चुना लागला. कोणी म्हणालं, देवी आल्या. मी माझ्या दारात बसून चोळीला काज करत होते. मला बरं वाटलं का? हो. इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मला भूक लागली, कितीतरी दिवसांनी.

शुक्रवारी दुपारी सरूबाई आली.

मी उठून उभी राहिले. तिनं हातानं मला बसायला सांगितलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. गडचिरोलीकडच्या जंगलातलं तिचं माहेर; असल्या गोष्टी तिच्यापासून लपणार नव्हत्या, हे मला तेव्हा उमगलं.

"बिब्बा हाय," ती म्हणाली.

मी हातातला दोरा तोडला.

"मले पाहिल्याबरोबर समजलं. तीळ आन् खोबरं वाटून लावलं का उतरते, तेबी माहीत हाय. घरात दोन्ही हाय." ती माझ्याकडे सरळ पाहत होती. "तुले इचाराले आली. लावू का?"

 मी तिला विचारलं, "मले काऊन इचारून राह्यली?"

"त्या दिवशी मी होती ना तिथी. मी म्हटलं त्याले, टरक देऊन टाक. त्यानं भाकरीचा डबा माह्या अंगावर फेकला." तिनं पायाजवळचा खडा बाजूला सारला. "मी डबा उचलला आन् घरी आली. त्याच्या पुढं मले जास्त बोलता आलं असतं. बोलली नाई मी."

ती सावलीत बसली होती आणि मी विचार करत होते. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला पुरतं माहीत होतं. तू म्हणाली असतीस, जा, आताच्या आता लाव. तुझा आवाज माझ्या कानात इतका स्पष्ट होता की मी मागे वळून पाहिलं.

"साहेब सोमवारी येते," मी सरूबाईला म्हटलं. "मंगळवारी लाव."

तिनं मान हलवली, पदर सावरला आणि गेली.

सोमवारी मी खदानीत गेले. साहेब आला तेव्हा मुकादम घरी खाटेवर होता आणि किल्ली मुनशीकडे. साहेब म्हणाला, यंत्र नंतर, आधी बायांना चष्मे द्या. मुनशीनं पेटी उघडली. सगळ्यात वर तुझा होता. साहेबानं तो उचलला, लाल टाके पाहिले आणि ओळीवरून नजर फिरवली.

"हा करणारी बाई कुठे आहे?"

 मग मैना उठली. एवढ्या माणसांसमोर तिला मी कधी बोलताना पाहिलं नव्हतं. "ते बाई मेली, साहेब. कपची डोळ्यात गेली. चष्मा या पेटीत होता."

मुनशी घाईनं म्हणाला, "वहीत आहे साहेब. चष्मा दिला होता, तिनं घातला नाही."

"दिला होता तर पेटीत कसा?"

 साहेबानं वही मागवली, ती ओळ वाचली आणि मुनशीला म्हणाला, "खोडा. खरं काय ते लिहा." मुनशीनं टाक उचलला. मी पुढे जाऊन त्याच्या खांद्याशी उभी राहिले. त्यानं लिहिलं, 'तुळसाबाईकडे चष्मा नव्हता.'

"असं नाई," मी म्हटलं.

मुनशी चमकून वळला. मला वाचता येतं हे त्याला माहीत नव्हतं.

"नव्हता नाई. काढून घेतला होता. मुकादमानं. तसं लिवा."

साहेबानं मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"तिची बहीण. मले तिनं शिकवलं."

मुनशीनं तसं लिहिलं. मी एकेक अक्षर पाहिलं, काना-मात्रा पाहिली, आणि मग बाजूला झाले. त्या दिवसापासून चष्मे बाया घरी घेऊन जातात. तुझा मी घेतला आहे. गोविंदाचं मुकादमपण गेलं. त्याहून जास्त काही झालं नाही. तुरुंग नाही, मालकाला जाब नाही. साहेबानं हात जोडले आणि यंत्र पाहायला गेला.

सरूबाईनं मंगळवारी लेप लावला. शुक्रवारी त्याचे डोळे उघडले. उजव्या डोळ्यानं त्याला आता अंधुक दिसतं, असं म्हणतात. उजव्याच.

परवा तो बाडबिस्तरा घेऊन आपल्या गावी गेला. खदान सुटायची तीच वेळ; बाया रस्त्याच्या कडेनं घरी येत होत्या, मीही मैनाबरोबर होते. त्याची बैलगाडी आमच्या जवळ आली आणि त्यानं ती थांबवायला सांगितली. चेहऱ्यावर डागांची जाळी, डोळ्यांतून पाणी. सरूबाई मागे पेटीवर बसली होती, तिनं मान दुसरीकडे वळवली.

तो माझ्याकडे वाकला. मग म्हणाला, "कौसा, मी काय केलं होतं वं तुह्या बहिणीचं? एक चष्माच तं घेतला होता."

सगळ्या बाया ऐकत होत्या. मी गाडीच्या चाकाजवळ गेले.

"मी बी काय केलं, भाऊ?" मी म्हटलं. "एक चष्माच तं शिवून देला."

त्याचा हात गालावरच्या डागांकडे गेला. गाडीवानानं बैलांना हाकारलं.

बाई, तुला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. तरी तुला सांगितल्यावाचून मला राहवलं नाही.